टायगर बार्ब किती घेऊ? तीन फुटी टँक आहे (इंदूर)

सराफ्यातला_चटोर:
नमस्कार मंडळी. घरी ३ बाय १ बाय दीड फुटाचा माशांचा टँक आहे, सध्या दोनच एंजल मासे आहेत आणि ते आपले फोटोला उभे राहिल्यासारखे, चिरंजीवांना हवंय झुंडीनं पळणारं, दादागिरी करणारं काहीतरी. तो तर पिरान्हाच म्हणत होता आणि दुकानदार लगेच दाखवायलाही लागला! मला टायगर बार्ब बरे वाटताहेत. दुकानदार म्हणतो आधी चार न्या, जमलं तर वाढवा. काय करू?

थेंबे_थेंबे:
दुकानातला 'पिरान्हा' बहुतेक वेळा रूपचंद निघतो हो, म्हणजे लाल पोटाचा पाकू, खायला म्हणून तळ्यात वाढवतात तोच. आत्ता इवलासा दिसेल पण दीड फूट सहज होतो, तीन फुटी टँकमध्ये वळणार कुठे?

बार्ब घ्या पण चार नकोच. यांची मारामारी मुळात आपापसातली असते, वर कोण खाली कोण हे सतत चालू. चारच असले की एक दादा होतो आणि सगळ्यात मवाळ असेल त्याची वाट लागते, दहा-बारा असले की मार वाटला जातो आणि बाहेरच्यांच्या शेपट्या कुरतडायला फुरसत कमी मिळते. वाढून सहा-सात सेंटीमीटरचे होतात, तुमच्या सव्वाशे लिटरमध्ये दहा बसतील. हिरवे 'मॉस' बार्ब किंवा फिकट अल्बिनो बार्ब आवडले तर मिसळा, जात एकच आहे, झुंडही एकच करतात.

एंजल मात्र काढा.

पोहे_जलेबी:
माझ्याकडे सहा बार्ब आणि एंजल एकत्र आहेत, काही होत नाही. उगाच घाबरवता भिया.

थेंबे_थेंबे:
बार्ब पिल्लं असतील अजून. एंजलच्या पोटाखाली त्या दोन लांब दोऱ्या असतात ना, आधी त्यांवरच नजर जाते. गप्पी, फायटर यांचंही तेच, लांब पर दिसला की ओढ.

राजवाड्याजवळची:
पाण्याचं कुणी बोललंच नाही. नर्मदेच्या नळाला क्लोरीन असतं, हायपो किंवा अँटिक्लोरीन टाकल्याशिवाय भरू नका, आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नाहीतर त्यातले माशांची घाण पचवणारे बॅक्टेरिया जातात. बोअरचं जड पाणीही बार्बना चालतं, फक्त आज नर्मदा उद्या बोअर असं नको.

दहाच्या दहा एकदम आणू नका असं माझं मत. तुमच्या फिल्टरला दोन माशांच्या घाणीची सवय आहे, अमोनिया चढेल. पाच-पाच करून दोन खेपांत आणा, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या, अमोनियाचा टेस्ट किट आणा आणि खाणं हात राखून. आणि थंडीच्या आत १०० वॅटचा हीटर घ्या, २४-२५ डिग्री पुरे.

सराफ्यातला_चटोर:
दहा पक्के, दोन खेपांत. बायको म्हणते एंजल दुकानात परत द्यायचे नाहीत, चांगलं घर बघा. कुणाला हवेत का?

राजवाड्याजवळची:
मला द्या, चार फुटी आहे. निऑनसारखे बारके मासे नाहीत माझ्याकडे त्यामुळे एंजलकडून खाल्ले जायची भीती नाही. रविवारी सकाळी आणा, दोघांना वेगवेगळ्या पिशवीत. आणि टँकला झाकण करून घ्या, बार्ब उड्या मारतात.