वृद्ध रुग्णांच्या मूल्यमापनाचे तक्ते परिचारिकांना ओझे का वाटतात?

गोदाकाठ (प्रश्न)
नमस्कार. मी नाशिकमधील एका खासगी रुग्णालयात मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. साठीपुढील प्रत्येक रुग्ण दाखल होताच आमच्याकडे बेडसोरच्या (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांच्या) धोक्यासाठी ब्रेडन आणि पडण्याच्या धोक्यासाठी मोर्स असे दोन तक्ते भरले जातात. नंतर मात्र पुष्कळदा रात्रपाळी संपता संपता आदल्या दिवसाचेच आकडे उतरवले जातात. वॉर्डातल्या या सिस्टर मुली कामचुकार नाहीत, न सांगता आजींची कूस बदलतात. पण तक्ता हा एनएबीएचच्या (रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या संस्थेच्या) तपासणीसाठी ठेवायचा कागद आहे, असेच त्यांना वाटते. हा समज कसा बदलावा?

निवृत्त सिस्टर
त्यांचा समज पूर्ण चुकीचा आहे, असे मला वाटत नाही. मोर्सचे गणितच पाहा, त्यात गुण जितके जास्त तितका धोका जास्त: सलाइनला २० गुण, जोडीला दुसरा आजार असल्यास १५, अशक्त चालीला १०, म्हणजे मधुमेह असलेले, सलाइन लावलेले आणि तापाने गळालेले कोणतेही आजोबा ४५ वर पोहोचतात, आणि जास्त धोक्याची रेषा बहुतेक ठिकाणी तीच असते. सगळ्यांच्याच मनगटावर पडण्याच्या धोक्याचा पिवळा पट्टा असेल, तर रात्री दोघींनी आधी कोणाकडे धावायचे? ही रेषा आपापल्या वॉर्डातील रुग्ण पाहून ठरवावी, असे तक्ता तयार करणाऱ्या जॅनिस मोर्स यांचेच म्हणणे आहे. आमच्याकडे तरी ते कधी कोणी केले नाही.

नर्सिंग शिक्षिका, सिन्नर
वरील मुद्दा मान्य आहे, तरीही ‘आम्हाला बघूनच कळते’ यावर मी सगळे सोडणार नाही. डिलिरियममध्ये (आजारपणात अचानक होणाऱ्या भ्रमात) सलाइन उपसणारा रुग्ण सर्वांच्या लक्षात येतो. त्याच अवस्थेत गप्प पडून राहिलेल्या आजींची नोंद मात्र हँडओव्हरमध्ये (पाळी बदलताना रुग्णांची माहिती देताना) ‘शांत झोपल्या आहेत’ अशी होते. तेथे फोर-ए-टी ही डिलिरियम ओळखण्याची दोन मिनिटांची चाचणी उपयोगी पडते. अडचण अशी की तिच्यात जन्मतारीख आणि डिसेंबरपासून उलटे महिने विचारतात. पेठ-सुरगाण्याकडच्या, कधी शाळेत न गेलेल्या आणि आधारकार्डावर १ जानेवारी लागलेल्या आजींचे यावरून गुण कापले, तर परीक्षा त्यांच्या शुद्धीऐवजी शाळेची होते. चैत्र-वैशाख त्यांना तोंडपाठ असतात; पण असा बदल करायचा तर डॉक्टरांशी बोलून, सर्वांनी एकाच पद्धतीने करावा.

तुमच्या प्रश्नापुरते सांगायचे, तर ब्रेडनची नुसती बेरीज वाचून दाखवणे थांबवा. त्यात मोर्सच्या उलट, गुण कमी म्हणजे धोका जास्त; म्हणून त्यातील सहा भागांपैकी ज्यात गुण सर्वांत कमी आहेत, तो भाग हँडओव्हरमध्ये सांगायला लावा: ओलावा असेल तर डायपर आणि चादर, हालचाल असेल तर किती वाजता कूस बदलायची. ‘ब्रेडन १४’ ऐकून खुर्चीवरून कोणी उठत नाही.

गोदाकाठ
आभारी आहे. मोर्सची बेरीज आज पुन्हा केली; जवळजवळ सगळेच ४५ च्या वर निघाले. उद्या सकाळच्या हँडओव्हरला ब्रेडनपासून सुरुवात करते. आणखी एक विचारायचे होते: हे गुण नातेवाइकांना सांगावेत का? मागे एका मुलाने केसपेपर पाहून ‘आईला नापास केले का?’ असे विचारले होते.