क्लिपरमधली काटापट्टी: हार्बरवर न्यावी की डॉसबॉक्समध्येच ठेवावी?

जिनवाला, वणी:
आमच्या जिनिंगचा काटापट्टीचा (कापसाच्या वजनाची आणि पैशांची पावती) प्रोग्राम क्लिपर 5 मधला, म्हणजे डॉसच्या काळातल्या एका प्रोग्रामिंग भाषेतला. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलाव्याची कपात, हमाली, चुकारा, सगळं त्यातच. जुना संगणक जळाला. नव्यावर विंडोज 11 आहे. ते 64-बिटमध्येच येतं आणि त्यात 16-बिट डॉस प्रोग्राम उघडतच नाही. माझं मत ठाम आहे: मूळ पीआरजी फायली (प्रोग्रामचा सोर्स) हार्बर नावाच्या कंपायलरने नव्याने कंपाईल कराव्यात. हार्बर मुक्त-स्रोत आहे, क्लिपरची भाषा जाणतो, त्याच डीबीएफ (नोंदींच्या) आणि एनटीएक्स (इंडेक्सच्या) फायली वापरतो. वीस हंगामांच्या नोंदी जागच्या जागी राहतात.

दारव्हेकर:
भाऊ, चालते ते मोडू नका. दसऱ्याले कापूस येते. रातभर बंडी घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याले तुम्ही एरर दाखवान काय? डॉसबॉक्स टाका, नव्या विंडोजवर जुना डॉस प्रोग्राम चालवते ते, एका तासात काम होते. काट्याचा सिरियल पोर्टही त्याले जोडता येते.

जिनवाला, वणी:
दादा, एकच संगणक असता तर मीही तेच केलं असतं. आमच्याकडे दोन काटे, डीबीएफ एकच. डॉसबॉक्स मुळात खेळांसाठी बांधलेला. दोन ठिकाणांहून एकच रेकॉर्ड उघडलं तर लॉकवर (एका वेळी एकानेच रेकॉर्ड बदलावं म्हणून लागणारं कुलूप) भरवसा ठेवता येत नाही. एका शेतकऱ्याच्या पट्टीवर दुसऱ्याचं वजन चढलं तर त्याला मी काय सांगू?

विद्यार्थी, अमरावती:
मग पायथनमध्ये नवाच का लिहीत नाही? क्लिपर शिकणारं आता कोण आहे?

जिनवाला, वणी:
कारण नियम कागदावर कुठेच नाहीत. कपात किती टक्क्यांपासून सुरू, रक्कम पूर्ण रुपयात कुठल्या पायरीला करायची, हे त्या पीआरजीतच आहे. नव्याने लिहिताना त्यातलं काय सुटलं, ते हंगामात शेतकरी भांडायला आल्यावरच कळेल.

हिंगणघाटकर:
हार्बरला माझा विरोध नाही, पण तुम्ही तो फार सोपा समजताय. तुमची मराठी नावं जिस्ट कार्डावर (डॉसमध्ये देवनागरी दाखवणारं कार्ड) टाकलेली असणार, म्हणजे इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतात. तिथे एका अक्षरचिन्हाला एक बाइट. नव्या संगणकावर ती युनिकोडमध्ये न्यावी लागतील आणि त्यात, यूटीएफ-8 धरलं तर, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. नावाचं 25 बाइटचं फील्ड 75 चं करावं लागेल, नाहीतर आडनावं अर्धी कापली जातील. रिपोर्टचे रकानेही हलतील, कारण क्लिपर बाइट मोजतो. शिवाय काट्याचं वजन वाचणारी 16-बिट लायब्ररी हार्बरला जोडताच येणार नाही.

जिनवाला, वणी:
लायब्ररीचं खरं आहे. हार्बरची स्वतःची सिरियल पोर्टची फंक्शनं वापरून तेवढा भाग परत लिहिला, वजन येतंय. नावांचा मुद्दा मात्र माझ्या ध्यानातच आला नव्हता. फील्ड वाढवतो, इंडेक्स नव्याने बांधतो.

दारव्हेकर:
तुमच्यापाशी सोर्स हाय म्हणून हे जमते. आमच्या सोसायटीत नुसती ईएक्सई (तयार प्रोग्राम) हाय, लिहिणारा माणूस सोडून गेला. आम्ही कंपाईल काय करावं? आमचा संगणकही एकच. आम्ही डॉसबॉक्सवरच राहू.

जिनवाला, वणी:
तुमच्या जागी मीही तेच करीन, दादा. पण डीबीएफची प्रत रोज पेनड्राइव्हवर घेत जा. आमच्याकडे पहिले पंधरा दिवस दोन्ही पट्ट्या निघतील. जुनी एका काट्याजवळ डॉसबॉक्समध्ये, तिच्या वेगळ्या डीबीएफवर. रक्कम पैशापर्यंत जुळली की मगच जुनी बंद.