मदत हवी आहे: टॉवरच्या प्रस्तावावर हरकत कशी लिहायची? (बुधवार शेवटचा दिवस)

त्रासलेला_शेजारी
शहराच्या ऐन मध्यात आमच्या शेजारी मोठ्ठा टॉवर येतोय. खाली दुकानं, मध्ये ऑफिसं, वर फ्लॅट. हरकती-सूचना बुधवारपर्यंत द्यायच्या आहेत. सोसायटीच्या ग्रुपवर एक पत्र फिरतंय: "टॉवर नको, आमचं ऊन जाणार, ट्रॅफिक वाढणार", खाली सह्या. ते थेट केराच्या टोपलीत जाणार असं मला वाटतं. कुणाकडे चांगला फॉरमॅट असेल तर टाका. जरा लवकर, प्लीज.

लंबक
किती मजले? आणि हरकती कशावर मागवल्यात, जागेचा वापर बदलण्यावर की बांधकाम परवानगीवर? वापर बदलत असेल तर "इथे एवढी गर्दी झेपेल का" हे विचारता येतं. परवानगीच्या टप्प्यावर बहुतेक ठिकाणी नियमात बसतंय का, एवढंच बघतात.

त्रासलेला_शेजारी
चाळीसेक मजले. नोटीस लागलीय एवढं माहीत आहे. फॉरमॅट आहे का कुणाकडे?

जुनी_खोडी
फॉरमॅट-बिरमॅट सोडा. एकाच मजकुराची ढीगभर पत्रं आली की सगळी मिळून एक मुद्दा धरतात. उत्तर द्यावंच लागेल असा प्रश्न विचारा. आमच्याकडच्या सुनावणीत एका काकांनी एवढंच विचारलं, "दुकानांचा माल उतरवायला ट्रक कुठे उभा राहणार?" आर्किटेक्टने नकाशावर बोट ठेवलं. काका म्हणाले, "आत गेला, बरं. आता बाहेर काढून दाखवा." वळायला जागाच नव्हती. ट्रक रिव्हर्समध्ये भर रस्त्यात येणार होता. तळमजला पुन्हा आखावा लागला.

उंच_उडी
मध्यवस्तीत बांधायचं नाही तर कुठे, शेतात? बस, स्टेशन, पाण्याच्या लाइनी सगळं तिथेच असतं. मिश्र वापराचा फायदाच हा, की पार्किंग दिवसा ऑफिसवाले वापरतात, रात्री रहिवासी. शिवाय लोक लिफ्टने खाली उतरून कामाला जातील, गाडी लागणारच नाही. मी तर समर्थनाचं पत्र देईन.

जुनी_खोडी
लोक लिफ्टने कामाला गेले तर त्यांची गाडी दिवसभर कुठे असेल? बेसमेंटमध्येच ना! मग ऑफिसवाल्यांना जागा कुठून रिकामी होणार? दोन्ही फायदे एकदम मोजू नका.

उंच_उडी
गाडी घेतीलच कशाला, हाच तर मुद्दा आहे. तुम्हाला कळत नसेल तर राहू द्या.

मुसाफिर७
अवांतर: लंडनमध्ये २०१३ साली २०, फेनचर्च स्ट्रीट या टॉवरच्या अंतर्वक्र काचांवरून परावर्तित झालेल्या उन्हाने खाली उभ्या गाडीचे भाग वितळले होते. मग काचांवर ऊन अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. सगळे सावलीबद्दल ओरडतात, उलट्या उन्हाचं कुणी विचारत नाही. वाऱ्याचंही तेच. वरचा जोराचा वारा टॉवरला आपटून भिंतीवरून खाली येतो आणि फुटपाथवर छत्र्या उलट्या करतो. खाली रुंद पोडियम, म्हणजे टॉवरपेक्षा पसरट असे खालचे काही मजले, असतील तर वारा तिथे अडतो. नकाशात पोडियम आहे का बघा.

गच्चीवाली
मूळ प्रश्नाकडे येऊ या का? तुमची इमारत टॉवरच्या कुठल्या दिशेला आहे? आणि उत्तर गोलार्धात आहात ना? हसू नका, मागे एका ताईंना पानभर समजावलं आणि त्या निघाल्या मेलबर्नच्या.

सुखवस्तू
माझा सल्ला विचाराल तर फार वरचा मजला घेऊ नका. लिफ्ट बंद पडली की कळतं. आणि पश्चिमेच्या खिडक्या टाळा, संध्याकाळी घर तापतं.

त्रासलेला_शेजारी
अहो, मला तिथे फ्लॅट घ्यायचा नाहीये!! उत्तर गोलार्धच. टॉवर आमच्या दक्षिणेला, मध्ये शाळेचं मैदान आहे.

गच्चीवाली
मैदान! हे पहिल्याच पोस्टमध्ये का नाही लिहिलंत? तुमच्या बाल्कनीतल्या उन्हापेक्षा शाळेच्या मैदानाचा मुद्दा कितीतरी भारी आहे. चाळीस मजले म्हणजे साधारण १३० मीटर धरू. सूर्य ४५ अंशांवर असेल तर सावली उंचीइतकीच, ३० अंशांवर आला की पावणेदोन पट, म्हणजे सव्वादोनशे मीटरच्या आसपास. डिसेंबरात सूर्य सगळ्यात खाली असतो, तेव्हाचं चित्र मागायचं. जूनमधलं दाखवतात, ते बघून सगळे खूश होतात.

असं लिहा: "२१ डिसेंबरला शाळेच्या वेळेत मैदानाच्या किती भागावर, किती तास सावली असेल, याचा दर तासाचा नकाशा प्रस्तावासोबत नाही. तो जाहीर करून हरकतींची मुदत वाढवावी." पुढच्या परिच्छेदात ट्रकचा प्रश्न. "नको" हा शब्द कुठेही नको.

लंबक
+१. पण असा नकाशा खरंच जोडलेला नाही ना, हे आधी फाइल बघून खात्री करा. आणि पोच घ्या.

त्रासलेला_शेजारी
उद्या फाइल बघतो. शाळा दुपारची आहे, त्याने फरक पडतो का?

गच्चीवाली
अर्थात पडतो. सकाळी सावली पश्चिमेकडे झुकते, दुपारनंतर पूर्वेकडे. दुपारची म्हणजे किती ते किती? आणि मैदान टॉवरच्या नेमकं समोर आहे की एका बाजूला?