शब्दचर्चा: ‘क्रमाक्रमाने’ म्हणजे ‘हळूहळू’ का?

प्रश्न

माझी भाची रत्नागिरीला बारावीत शिकते. जीवशास्त्राच्या वहीत तिने ‘ग्रॅज्युअलिझम’ या शब्दापुढे ‘मंद उत्क्रांती’ असं लिहून ठेवलंय. त्याच आठवड्यात आमच्या ग्रामसभेत एक वक्ते म्हणाले, ‘क्रांती नको, उत्क्रांती हवी.’ टाळ्याही पडल्या. दोन्हीकडे उत्क्रांतीचा अर्थ ‘सावकाश होणारा बदल’ असाच धरलेला, आणि मला तो दोन्हीकडे खटकला. जीवशास्त्रात आणि राजकारणात चालेल असा एकच प्रतिशब्द आहे का? की दोन वेगळे लागतील?

प्रतिसाद, मालवणहून

आमचा ‘वाईच’ घ्या, म्हणजे ‘थोडंसं’. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. तिथून पुढे भरतीची रेघ रोज वाईच वाईच वर सरकते आणि अमावास्या-पुनवेला उधाण येतं. उधाण नेमकं कुठल्या दिवशी सुरू झालं, ते बोट ठेवून सांगता येत नाही. कोशात शोभो न शोभो, भाचीला अर्थ कळेल.

प्रतिसाद, गुहागरहून

भांग-उधाणाचं उदाहरण मला फार आवडलं, कारण त्यात वेगाला महत्त्व नाही. भांगाचं उधाण आठवड्यात होतं. आमच्या सड्यावरचा जांभा काळ्या कातळाची झीज होऊन बनला, त्याला लाखो वर्षं लागली. तरी दोन्ही बदल क्रमिकच. ‘हळूहळू’ फक्त वेग सांगतो. ‘टप्प्याटप्प्याने’ म्हटलं की मधे थांबे आले आणि ते आखणारा माणूसही आला. ‘कलेकलेने’ चंद्र वाढतो, त्यात थांबा नाही की आखणारा नाही. ‘क्रमाक्रमाने’ हा शब्द मात्र पावलाचा आहे, कारण ‘क्रम्’ या धातूचा अर्थच पाऊल टाकणं.

आणि ‘क्रांती’ही त्याच धातूची! ज्योतिर्गणितात सूर्याची क्रांती म्हणजे विषुववृत्तापासूनचं त्याचं उत्तर-दक्षिण अंतर. ते शून्यापासून साडेतेवीस अंशांपर्यंत जायला तीन महिने लागतात, रोजची चाल अर्ध्या अंशाहूनही कमी. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो असं आपण म्हणतो, ती हीच चाल. म्हणजे आज उलथापालथीसाठी वापरतो तो शब्द आकाशातल्या अगदी संथ सरकण्यासाठीही आहे. ‘उत्क्रांती’चा जुना अर्थ तर जीवाने देह सोडून बाहेर पाऊल टाकणं असा, मरणसमयी दान देतात ती उत्क्रांतिधेनू त्यावरूनच. या दोन शब्दांत मुळात वेगाचा भेद नाही. ‘क्रांती जलद, उत्क्रांती सावकाश’ ही जोडी आपण मागाहून लावली.

जीवशास्त्रात तर वेग आणि पाऊल यांची गल्लत मुळीच चालणार नाही. ‘निसर्ग उडी मारत नाही’ हे जुनं लॅटिन वचन डार्विनने उचलून धरलं. त्याचा ग्रंथ २४ नोव्हेंबर १८५९ रोजी प्रसिद्ध झाला आणि आदल्याच दिवशी त्याचा मित्र, जीवशास्त्रज्ञ हक्स्लीने त्याला पत्र लिहून कळवलं, की हे वचन इतकं सरसकट स्वीकारून तुम्ही विनाकारण एक अडचण ओढवून घेतली आहे. हक्स्ली उत्क्रांतीच्या बाजूचाच होता, हरकत फक्त पावलाच्या लांबीवर होती. पुढे १९७२ मध्ये एल्ड्रेज आणि गूल्ड या जीवाश्मशास्त्रज्ञांनी मांडलं, की जाती लाखो वर्षं जवळजवळ तशाच राहतात आणि बदल थोड्या काळात उरकतो. पण हा ‘थोडा काळ’ खडकांच्या हिशेबातला, म्हणजे हजारो वर्षांचा! पिढीगणिक पाहिलं तर तिथेही पाऊल लहानच पडू शकतं. म्हणून ‘मंद उत्क्रांती’ खोडून भाचीने ‘क्रमिक उत्क्रांती’ लिहावं, आणि त्या मताला ‘क्रमिकवाद’.

ग्रामसभेतल्या वाक्याबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय. उत्क्रांतीत पावलाचं माप ठरवणारा कुणी नसतो. राजकारणात असतो. २० ऑगस्ट १९१७ रोजी भारतमंत्री माँटेग्यू यांनी जाहीर केलेल्या धोरणात स्वशासनाच्या संस्थांचा क्रमाक्रमाने विकास करण्याचं आश्वासन होतं. सोबत अशीही अट होती, की प्रत्येक पावलाची वेळ आणि माप ब्रिटिश सरकार आणि हिंदुस्थान सरकार ठरवतील. हा क्रम चालणाऱ्याने ठरवलेला नव्हता. इंग्लंडात समाजवादी विचारवंत सिडनी वेबने १९२३ मध्ये मजूर पक्षाच्या परिषदेत क्रमिकता अटळ असल्याचं सांगितलं. ‘अटळ’ म्हटलं की माणसाचा निर्णय निसर्गाचा नियम वाटू लागतो. ‘उत्क्रांती हवी’ म्हणताना नेमकं हेच होतं.

आपल्याच किनाऱ्यावरची खोती आठवा, खोत कुळांकडून सारा वसूल करायचा ती पद्धत. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप करून १९३३ पासून सहा वर्षं जमिनी पडीक ठेवल्या. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा झाला १९४९ मध्ये. त्या कुळांना कुणी ‘उत्क्रांती होऊ द्या’ म्हटलं असतं, तर त्याचा अर्थ ‘तुमची उपासमार निसर्गनियमाने चालली आहे’ एवढाच झाला असता. राजकारणात हा शब्द वापरूच नये असं माझं ठाम मत आहे. ‘क्रमशः सुधारणा’ म्हणा, म्हणजे ऐकणारा लगेच विचारील: क्रम कोणी लावला?

प्रतिसाद, चिपळूणहून

पण आपल्याकडे ‘मवाळ’ होताच की. टिळक रत्नागिरीचे, गोखले तुमच्याच तालुक्यातल्या कोतळूकचे. जहाल आणि मवाळ ही जोडी अख्ख्या महाराष्ट्राला कळते. नवा शब्द कशाला?

प्रतिसाद, गुहागरहून

‘मवाळ’ने माणसाचा स्वभाव कळतो. ‘सनदशीर’ म्हटलं की मार्ग कळतो, कायद्याच्या चौकटीतला. पाऊल केवढं, ते दोन्हींत येत नाही. सनदशीर मार्गाने मोठी उडी मारता येते, खोतीचा कायदा तशीच उडी होती.

गोखल्यांची खरी क्रमिकता पाहायची तर त्यांचं १९११ चं प्राथमिक शिक्षणाचं विधेयक पाहा. सगळ्या देशाला एकदम सक्ती नाही. जिथे आधीच ठरावीक प्रमाणात मुलं शाळेत जातात, तिथल्याच स्थानिक संस्थांनी सरकारच्या परवानगीने सक्ती लागू करायची, तीही सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना. एवढंसं पाऊल! तेही १९१२ मध्ये फेटाळलं गेलं. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देशभर देणारा कायदा झाला २००९ मध्ये. मधल्या काळात जी मुलं शाळेबाहेर राहिली, त्यांच्यापुढे मला ‘उत्क्रांती’ हा शब्द उच्चारवत नाही.

पुन्हा प्रश्नकर्ता

भाचीने वहीत दुरुस्ती केली. ‘क्रमिकवाद’ लिहिलं आणि शेजारी पेन्सिलीने ‘वाईच वाईच’. लगेच तिने विचारलं, हक्स्लीला ज्या उड्यांची वाट मोकळी ठेवायची होती, त्यांना मराठीत काय म्हणायचं? संस्कृत व्याकरणात ‘मंडूकप्लुती’ आहे, मधली सूत्रं ओलांडून एखादं पद पुढच्या सूत्रात जातं तेव्हाची. मी तो सुचवला. ती म्हणाली, ‘मामा, बेडूकउडीच लिहिते.’ चालेल ना?