थंडीतला पहिला मुक्कामी ट्रेक : तयारी कशी केलीत?

मार्गशीर्ष लागला की साताऱ्यात पोरं विचारायला लागतात, "दादा, थंडीत मुक्कामाला जायचंय, सॅकमध्ये काय टाकू?" पावसाळी ट्रेक सगळ्यांनीच केलेत, पण उघड्यावर थंडीची रात्र काढणं निराळं. पहिल्या वेळची तयारी लिहा. नुसत्या याद्या नकोत. काय नेलं आणि का, ते सांगा.

माझ्यापासून सुरू करतो. मी पहिली रात्र गडावर काढलीच नाही. शाहूपुरीत आमच्या गच्चीवर स्लीपिंग बॅग टाकून झोपलो. आई दोनदा जिना चढून "हाईस का गारठलास?" विचारून गेली. पहाटे कळलं ते असं : अंगावरून ऊब होती, गारठा पाठीकडून येत होता. अंगाच्या वजनानं बॅगेतला भराव खालून दबतो, त्यातली हवा जाते, आणि फरशी ऊब ओढून घेते. फोमची मॅट दुसऱ्याच दिवशी आणली. जाड जॅकेट आजतागायत घेतलेलं नाही.

सांगलीकर
आमचा पहिलाच ट्रेक थेट उत्तराखंडातला केदारकंठा. उंची साडेबारा हजार फुटांच्या आसपास, जानेवारीत बर्फ. आणि आम्ही राहणार सांगलीत, जिथं चढ म्हणजे आयर्विन पूल! सरावाला दंडोबाचा डोंगर गाठायचो. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून चढायचं, वर गेलं की पाणी झाडांना घालायचं आणि मोकळी सॅक घेऊन उतरायचं. गुडघे शाबूत राहतात, झाडंही जगतात.

स्लीपिंग बॅग घेताना एक बघा. चांगल्या बॅगेवर दोन तापमानं असतात, 'कम्फर्ट' आणि 'लिमिट'. दुकानदार लिमिटचा आकडा सांगतो, कारण तो ऐकायला भारी वाटतो. पण त्या आकड्याला माणूस अंग मुडपून कशीबशी रात्र काढतो. झोप हवी तर कम्फर्ट बघा. थंडी लवकर वाजणाऱ्यांनी तर हमखास.

शेगडीच्या गॅसचा डबा, म्हणजे कॅनिस्टर, विमानात नेता येत नाही, रेल्वेतही नाही. तिकडेच घ्यावा लागतो. नुसत्या ब्यूटेनचा घेऊ नका. शून्याच्या आसपास त्याची वाफच होत नाही, शेगडी मिणमिणते. प्रोपेन मिसळलेला मागा. पाण्याची बाटली रात्री उलटी ठेवा. बर्फ वरून धरायला लागतो, म्हणजे सकाळी झाकणाकडचं पाणी वाहतं मिळतं. मोबाईल आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगेत, अंगाजवळ.

वाईची मुलगी
माझा पहिला कमळगड. आमच्या म्होरक्या ताईनं पायथ्यालाच स्वेटर काढायला लावले. आम्ही कुडकुडत उभ्या आणि ही म्हणते, "चालायला लागताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे." जंगलातला चढ सुरू झाल्यावर पटलं. घाम आला आणि थांबलं की तोच घाम गार पडतो. सुती बनियन-टीशर्ट तर वाळतच नाहीत. झोपायचे कपडे आणि मोजे वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. काहीही झालं तरी ते दिवसा घालायचे नाहीत.

मुलींसाठी आणखी एक, कारण हे कुणी लिहीत नाही. रात्री बाहेर जावं लागेल म्हणून आपण पाणी कमी पितो. तसं करू नका. थंडीत तहान कळत नाही, पाणी मात्र अंगाला लागतंच. हेडलॅम्प उशाशी, चपला तंबूच्या दाराशी, आणि सोबतीला कुणाला उठवायचं ते झोपायच्या आधीच ठरवायचं.

माणदेशी गडी
आमच्या आज्यानं जन्म मेंढरांमागं काढला. त्याचं सांगणं एवढंच : वड्यात झोपू नको, माथ्यावर झोपू नको. रातची गार हवा जड, ती उतारानं खाली येऊन वड्यात साचती. माथ्यावर वारं खातं. मधल्या उताराला, वाऱ्याकडं पाठ करून जागा धरायची. तुमच्या मॅटखाली घोंगडं टाकून बघा, मग बोलू.

पाटणकर
वासोटा किल्ल्यावर मुक्कामाला परवानगी नाही, आधीच सांगतो. कोयनेच्या जलाशयातून बोटीनं जायचं, दिवसाउजेडी परत यायचं. राहायचं ते बामणोलीच्या बाजूला. पाण्याकाठी दव फार पडतं, आणि तंबू गच्च बंद केला तर श्वासाची वाफ आतूनच ठिबकते. वरची झडप उघडी ठेवा. शेकोटीचा हट्ट सोडा, डिसेंबरात गवत वाळलेलं असतं आणि वणव्याला एक ठिणगी पुरते.

कराडकर
खाण्याचं कुणीच लिहिलं नाही! झोपायच्या आधी पोटात काहीतरी तुपकट हवं. आम्ही शेंगदाण्याच्या पोळ्या नेतो, टिकतात आणि गरम करावं लागत नाही. वर गुळाचा खडा. धातूच्या बाटलीत गरम पाणी भरून, मोज्यात घालून पायाशी ठेवायचं; झाकण मात्र दोनदा तपासा.

आणि विट्याकडून रात्री ट्रेकला येणाऱ्यांनी जरा लवकर निघा. थंडीत साखर कारखान्यांचा हंगाम असतो, उसाच्या ट्रॉल्यांना बऱ्याचदा मागचा दिवा नसतो.