अनुभव धागा: दहावर थांबायचं की अकरावर जायचं?

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन पूर्वीसारखंच चालतं, फक्त सुरक्षेची ठिगळं येणं थांबतं, म्हणून निर्णय आजचा उद्यावर जात राहतो. इथे ‘घ्या, भारी आहे’ किंवा ‘नका घेऊ, भंगार आहे’ नको. मशीन कोणतं, त्याला काय जोडलेलं, कुठे अडतं आणि कशाने सुटतं, एवढंच लिहा. मशीन विंडोज ११ ला पात्र आहे का, ती तपासणी मीच लिहून टाकतो.

विंडोज आणि आर एकत्र दाबून ‘टीपीएम डॉट एमएससी’ चालवा. टीपीएम म्हणजे मशीनमधली सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय, त्याची आवृत्ती २.० दिसली पाहिजे. ‘सापडला नाही’ असं आलं म्हणून लगेच नवं मशीन बघायला जाऊ नका. बहुतेक वेळा टीपीएम बायोसमध्ये (मशीन उठतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद असतो, इंटेलच्या बोर्डावर पीटीटी या नावाने आणि एएमडीवर एफटीपीएम या नावाने. प्रोसेसर ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका आणि त्यापुढचा लागतो. आय५-७२०० सातव्या पिढीचा, म्हणजे बाद. आय५-८२५० चालतो. इथे मात्र बायोसमध्ये काही करता येत नाही.

बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा. चालू असेल तर तो तात्पुरता थांबवा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या.

हार्डवेअरवाले

वरच्यात भर. ‘एमएसइन्फो३२’ मध्ये बायोस मोड ‘लेगसी’ दिसला तर डिस्क एमबीआर या जुन्या विभागणी पद्धतीची आहे. ती जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीची, करायला विंडोजमध्येच ‘एमबीआर२जीपीटी’ हे साधन आहे आणि त्यात डेटा जात नाही. तरी बॅकअप घ्याच. आधी नुसतं ‘व्हॅलिडेट’ चालवा. दुकानात जुळवलेल्या पीसींवर ते हमखास इथेच नापास होतं, कारण सी प्रायमरी आणि डी, ई, एफ एका एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटात असतात. या साधनाला एक्स्टेंडेड पार्टिशन चालत नाही, आणि प्रायमरीही तीनपेक्षा जास्त चालत नाहीत. डी-ई-एफचा माल बाहेरच्या डिस्कवर हलवायचा, ती पार्टिशनं उडवायची, मग रूपांतर करायचं.

रूपांतर झाल्यावर बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने उठणं) बंद करून यूईएफआय (नव्या पद्धतीने उठणं) चालू करा, नाहीतर मशीन उठणार नाही. फार जुनं ग्राफिक्स कार्ड असेल तर सीएसएम बंद केल्यावर पडदा काळाच राहतो. अशा वेळी कार्ड काढून बोर्डावरच्या डिस्प्ले पोर्टला मॉनिटर लावून बघा.

कागदावर ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरते. प्रत्यक्षात ८ जीबी आणि एसएसडी नसेल तर नादी लागू नका. फिरत्या हार्ड डिस्कवर टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर चिकटते आणि दोष मात्र विंडोजला मिळतो.

डीटीपीवाले

मराठी मजकुराची कामं असतील तर फाँटपासून सुरू करा. कोऱ्या बसवलेल्या इंग्रजी विंडोज ११ मध्ये मंगल, कोकिला, अपराजिता, उत्साह हे फाँट नसतात, निर्मला असतो. मंगलमध्ये लावलेलं पान दुसऱ्या फाँटमध्ये उघडतं, ओळी सरकतात आणि चार पानांचं पत्रक साडेचार पानांचं होतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, ऑप्शनल फीचर्स इथून ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ बसवा. त्यासाठी इंटरनेट लागतं.

श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या प्रोग्रामांचे जुने, युनिकोडपूर्व फाँट या साध्या फाइली असतात, त्या उचलून नव्या मशीनवर बसतात. अडतो तो कळफलकाचा प्रोग्राम आणि त्याचं यूएसबी लॉक (परवान्याची किल्ली). लॉकचा नवा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा. प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टात बसणारं लॉक असेल तर ते मशीन दहावरच ठेवा आणि त्याची इंटरनेटची वायर काढून टाका. पेजमेकर या पान लावायच्या जुन्या प्रोग्रामच्या ज्या फाइली पुन्हा लागतील त्यांची पीडीएफ जुन्याच मशीनवर करून घ्या.

युनिकोडसाठी कळफलकाच्या यादीत ‘मराठी’ म्हणजे इनस्क्रिप्ट आणि ‘मराठी फोनेटिक’ वेगळा. दोन्ही विंडोजसोबतच मिळतात. आणि हो, विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून वर्डपॅड नाही.

जीएसटीवाले

डिजिटल सहीचं यूएसबीत लावायचं टोकन हा खरा अडथळा. प्रमाणपत्र टोकनमध्ये असतं, विंडोजमध्ये नाही, त्यामुळे विंडोज बदलून ते जात नाही. ते जातं घाबरून ‘इनिशियलाइझ’ दाबल्यामुळे. टोकन दिसत नसेल तर ते काढा, जुना ड्रायव्हर पूर्ण उडवा, नवा बसवा, मशीन परत चालू करा आणि मगच टोकन लावा. तरीही दिसत नसेल तर विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनखाली ‘मेमरी इंटिग्रिटी’ बघा, ती जुने ड्रायव्हर अडवते. संरक्षण बंद करण्याऐवजी ड्रायव्हरच नवा शोधावा. जीएसटी पोर्टलवर सही करायचा ईएमसायनर हा प्रोग्राम अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा.

ऑफिसातल्या सामायिक फोल्डरचंही बघून ठेवा. २४एच२ च्या प्रो आवृत्तीत पासवर्डशिवायचा ‘गेस्ट’ प्रवेश बंद आहे, म्हणून कालपर्यंत उघडणारं फोल्डर आज उघडत नाही. ज्या मशीनवर फोल्डर आहे तिथे पासवर्ड असलेलं एक खातं काढा आणि त्यानेच आत शिरा.

फॉक्सप्रोचा डॉसमधला हिशेब अजून चालू असेल तर विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, त्यावर तो थेट चालणारच नाही. डॉसचं सोंग घेणारा डॉसबॉक्स किंवा व्हीडॉस लागेल. छपाई आधी तपासा, आकडेमोड सहसा बिघडत नाही.

कॅननवाले

एलबीपी २९०० या प्रिंटरला ६४ बिट ड्रायव्हर घ्या आणि इन्स्टॉलर सांगेल तेव्हाच केबल लावा. आधी लावली तर अर्धवट नोंद होते आणि छपाई रांगेत लटकते. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा लॅपटॉप घेणार असाल तर थांबा. त्यावर इंटेलसाठीचे ड्रायव्हर बसत नाहीत, टोकनचेही नाहीत.

दहावरच थांबलेले

थांबायचं तर नोंदणी करून थांबा. घरगुती वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. आवृत्ती २२एच२ हवी. मायक्रोसॉफ्ट खात्याने शिरून विंडोज अपडेटच्या पानावर ‘एनरोल नाऊ’ दाबा. सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर फुकट, नाहीतर १,००० रिवॉर्ड्स पॉइंट किंवा ३० डॉलर. एका खात्यावर १० मशीनं. बॅकअप चालू करताना कागदपत्रं, फोटो, डेस्कटॉप यांवरची खूण काढा, नाहीतर वनड्राइव्हची फुकटची ५ जीबी तेवढ्यातच भरते. नोंदणीला फक्त सेटिंग्ज पुरतात.

ऑफिस २०१६ आणि २०१९ चा आधारही त्याच दिवशी संपला, हे बरेच जण विसरतात.

आडवाटवाले

अपात्र मशीनवर रुफस या साधनाने बनवलेल्या पेनड्राइव्हवरून ११ बसतं, टीपीएमची अट वगळून. चालतंही बरं. पण दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, तोच खटाटोप पुन्हा करावा लागतो. होम आणि प्रोच्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिने मिळतात, २४एच२ चे १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतात. २४एच२ ला पीओपीसीएनटी ही सूचना समजणारा प्रोसेसर लागतो, त्यामुळे कोअर २ ड्युओवर ते उठतच नाही आणि त्याला कुठलीही आडवाट नाही. घरच्या मशीनवर हे करा. ज्यावर दुसऱ्यांचा हिशेब आहे त्यावर नको.

मिंटवाले

ब्राउझर, मेल आणि पत्रं एवढंच काम असेल तर विंडोजऐवजी बसणाऱ्या लिनक्स मिंट २२ या प्रणालीला एप्रिल २०२९ पर्यंत आधार आहे. पेनड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज, झाकण मिटल्यावर झोपणं हे तपासा, मगच बसवा. टॅली आणि श्रीलिपी असेल तर या वाटेला जाऊ नका. वर आलेला एलबीपी २९०० इथे रडवतो.

हार्डवेअरवाले

परतीचं राहिलं. जुन्यावरच नवं चढवलं असेल तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून १० दिवसांत मागे जाता येतं. त्या मुदतीत डिस्क क्लीनअपने ‘मागील विंडोज’ साफ केलं की तो रस्ता बंद. ‘डीआयएसएम’ या विंडोजमधल्या साधनाच्या आज्ञेने मुदत ६० दिवसांपर्यंत वाढते, पण ती १० दिवसांच्या आतच वाढवावी लागते. कोरं बसवलं असेल तर मागे जाणं नाही.

कोऱ्या होम आवृत्तीला सुरुवातीलाच इंटरनेट लागतं आणि वायफायचा ड्रायव्हर नेमका तेव्हाच नसतो. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट मशीनला देणं) चालू करा, पुढचं पान उघडतं.