थीम पार्कच्या कल्चरल एक्स्चेंजवर जायचंय, एजंट शनिवारपर्यंत टोकन मागून राहिला

बेसा_चौक

नमस्कार. हॉटेल मॅनेजमेंट गेल्या जूनमध्ये संपलं, तेव्हापासून आठ महिने वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. एक एजंट म्हणतो की फ्लोरिडात डिस्नीच्या एपकॉट थीम पार्कमध्ये, इंडिया पॅव्हेलियनला (म्हणजे भारताच्या दालनात) तिकीट काउंटरचं काम आहे, जे-१ म्हणजे अमेरिकेचा एक्स्चेंजवाला व्हिसा, १२ महिने. एकूण अडीच लाख, त्यातले पन्नास हजार शनिवारच्या आत. बाबा म्हणतात एफडी मोडू. आई म्हणते, काही गरज नाही बाप्पा. इंटरव्ह्यूत आपल्या संस्कृतीबद्दल विचारतात म्हणे. मला नाच येत नाही, रांगोळी तर त्याहून नाही. काय सांगायचं? नागपूरचं कोणी जाऊन आलंय का?

तर्री_जास्त

ताई, पैसे खिशातच ठेव. एपकॉट १९८२ मध्ये सुरू झालं. तिथे ११ देशांची दालनं आहेत, मेक्सिको, नॉर्वे, चीन, जपान, मोरोक्को वगैरे. भारताचं दालनच नाही, मग तुझा एजंट काउंटर कुठे लावून राहिला?

इतवारीची_नात

मी २०२३ च्या उन्हाळ्यात चार महिने ऑरलँडोच्या एका पार्कमध्ये होते, फूड काउंटरवर. तेव्हा कॉलेजात होते, म्हणून जे-१ च्याच समर वर्क ट्रॅव्हल या प्रकारातून जाता आलं. ते शिकत असलेल्यांसाठीच असतं आणि चार महिन्यांच्या वर राहता येत नाही. तुझं कॉलेज संपलं, त्यामुळे तो रस्ता बंद.

जे-१ मध्ये आणखी दोन प्रकार आहेत. इंटर्न म्हणून जायचं तर पास झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत कार्यक्रम सुरू व्हायला हवा. ट्रेनी म्हणून जायचं तर डिग्री आणि त्या कामाचा एक वर्षाचा अनुभव. तुझे आठ महिने झालेत, म्हणजे एका दाराची मुदत संपत आलीय आणि दुसरं अजून उघडलं नाही. दोन्हींत डीएस-७००२ नावाचा ट्रेनिंग प्लॅन लागतो, कोणत्या विभागात काय शिकवणार ते त्यात लिहावं लागतं. बारा महिने नुसती तिकिटं फाडण्याला ट्रेनिंग म्हणता येत नाही, नियमातच बसत नाही. याच एका गोष्टीवरून मला तुझ्या एजंटचा वास येऊन राहिला.

संस्कृती हेच काम असलेला व्हिसा वेगळा, क्यू-१. त्याचा अर्ज आपण भरायचा नसतो. पार्क स्वतः तिकडच्या इमिग्रेशनकडे भरते, आणि जास्तीत जास्त १५ महिने मिळतात.

एजंटला एकच विचार: जे-१ साठी लागणारा डीएस-२०१९ फॉर्म कोणता स्पॉन्सर, म्हणजे कार्यक्रम चालवणारी कोणती संस्था, देणार? तो फॉर्म फक्त अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं मान्यता दिलेले स्पॉन्सरच देऊ शकतात, आणि त्यांची यादी सरकारी साइटवर उघडी पडलेली आहे. पाच मिनिटांचं काम.

आता इंटरव्ह्यू. मी योगा आणि दिवाळीपासून सुरुवात केली. स्क्रीनवरची बाई मान हलवत होती, पण डोळे दुसरीकडे. मग तिनं विचारलं, तुमच्या गावात असं काय होतं जे शेजारच्या गावात होत नाही? माझ्या तोंडून निघालं, मारबत, आपली पुतळ्यांची मिरवणूक. आजीचं घर इतवारीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळी पोट्टी गॅलरीत लटकलेली, खालून आधी ढोलाचा आवाज, मग गर्दीच्या डोक्यावरून डुलत येणारी काळी मारबत, आणि आजी आतून पोळी लाटता लाटता ओरडायची, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" हे इंग्रजीत कसं सांगायचं ते सुचेना. शेवटी म्हटलं, आम्ही वर्षातून एकदा रोगराईला शिव्या देऊन गावाबाहेर नेतो आणि जाळतो. बडग्याबद्दलही सांगितलं, की महागाईचासुद्धा पुतळा निघतो. बाई खुर्चीत पुढे सरकून बसली. तू तुझं सांग, मारबतच सांग असं नाही. पण ज्याला तुझा हात लागलाय तेच सांग.

कामाचं म्हणशील तर दिवसभर उभं. फ्लोरिडाचे ३३ डिग्री आपल्या ४५ ला भारी पडतात. आपल्याकडे दुपट्टा बांधला की झालं, तिथे दमटपणानं युनिफॉर्म पाठीला चिकटून राहते आणि कूलर काही कामाचा नाही. दुपारी विजा चमकल्या की बाहेरच्या राइड बंद, आणि सगळी गर्दी आमच्या काउंटरवर. फ्लोरिडातलं किमान वेतन सप्टेंबर २०२५ च्या शेवटी तासाला १४ डॉलर झालं, माझ्या वेळी ११ होतं. घरभाडं दर आठवड्याच्या पगारातूनच कापायचे. मी काही लाख साठवून आणले नाहीत, तिकीट निघालं आणि वर थोडं उरलं, बस.

बिल्ल्यावर नावाखाली गावाचं नाव असायचं. एक म्हातारे गृहस्थ ट्रे ठेवून "नागपूर" वाचत उभे राहिले. संत्र्यांचं गाव आहे म्हटलं. ऑरलँडोची काउंटीसुद्धा ऑरेंजच! ते म्हणाले, त्यांची बाग होती, ग्रीनिंग रोगानं गेली. फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये सापडला. मी त्यांना काटोलच्या मामाच्या बागेतल्या डिंक्या रोगाबद्दल सांगितलं, आपलं संत्रं चाकूशिवाय सोलता येते तेही सांगितलं. मागे रांग वाढून राहिली आणि सुपरवायझर माझ्याकडे बघून राहिली.

तर्री_जास्त

व्हिसाचा इंटरव्ह्यू मुंबईला, बीकेसीत. विदर्भ एक्सप्रेसनं जाशील तर एक दिवस आधी पोहोच. गाडी लेट झाली तर कॉन्सुलेटवाले थांबत नसतात. माझ्या भावानं हे करून पाहिलंय.

बेसा_चौक

सगळ्यांना थँक्यू. एजंटला स्पॉन्सरचं नाव विचारलं. "मॅडम, ते ऑफर लेटरवर येते." ऑफर लेटर कधी? "टोकन झाल्यावर." बाबांना रेकॉर्डिंग ऐकवलं, एफडी वाचली. यादीतल्या दोन स्पॉन्सरना मीच मेल टाकलेत, इंटर्नसाठी. मार्कशीटवर २८ जून आहे, म्हणजे चार महिने हातात. इतवारीची नात, इंटरव्ह्यूला साडी नेसू की फॉर्मल?

इतवारीची_नात

फॉर्मल. आणि काळे बूट आत्ताच घे, हॉटेलात रोज घाल. मी नवे कोरे नेले होते, पहिल्या आठवड्यात दोन्ही टाचा सोलून निघाल्या.